रत्नव्वा अत्तीचे चौकोन

माझ्या आत्याला दुपारची झोप कधी आली नाही, म्हणून तिनं साठी उलटल्यावर अर्धं जग फिरून घेतलं. तेही उचगावात, माझ्या सायबर कॅफेतल्या तीन नंबरच्या कॉम्प्युटरपुढं बसून, पायाखाली पाट आणि पाठीशी उशी घेऊन. आत्याला आमच्या घरात अत्ती म्हणतात. मूळचे सीमेपलीकडचे लिंगायत आम्ही; चार पिढ्या मराठी बोलतोय, पण नाती अजून कानडीत आहेत. तर ही रत्नव्वा अत्ती. तिनं लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

जमिनीच्या नकाशांच्या एका सरकारी कचेरीत ती पस्तीस वर्षं ट्रेसर होती. ट्रेसरचं काम म्हणजे जुना नकाशा खाली ठेवायचा, त्यावर पारदर्शक कापड ताणायचं आणि टाकानं रेघ न् रेघ उतरवून घ्यायची. नदी, ओढे, गाडीवाटा, गावठाण, शेतांच्या हद्दी. चुकलं तर ब्लेडनं खरवडायचं. अत्तीचं ब्लेड वर्षानुवर्षं नवंच असायचं, असं तिचे साहेब सांगत. मी कॉलेजात असताना, ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास, एकदा तिला भेटायला कचेरीत गेलो होतो. बाहेर फायली, चहाचे कप, वादावादी. आत काचेच्या टेबलाखाली दिवा लावून ही एकटी एका ओढ्याच्या वळणावर वाकलेली. हाक मारली तेव्हा मान लगेच वर आली, पण नजर यायला जरा वेळ लागला. पाण्यात बुडी मारलेलं माणूस वर येताना दिसतं, तशी ती मला दिसली.

कागलपासून शिरोळपर्यंत सगळा मुलूख तिच्या टाकाखालून गेला होता, आणि त्यातल्या निम्म्या गावांत तिनं पाऊल ठेवलं नव्हतं. पण लग्नात कुणी पावणा भेटला आणि त्यानं गावाचं नाव सांगितलं, की ही शांतपणे म्हणायची, तुमचा ओढा गावाच्या वरच्या अंगाला तीनदा वळतो आणि तिसऱ्या वळणावर म्हसोबा आहे. पावणा तोंडात बोट घालायचा. त्याला वाटायचं बाईला काही दिसतं. दिसत होतंच म्हणा. तिच्या डोक्यात सगळा जिल्हा वरून बघितल्यासारखा पसरलेला होता, आणि रिकाम्या वेळी ती त्यावर तरंगत असायची. भाजी निवडताना मध्येच थांबली, की आम्ही ओळखायचो, बाई कुठल्यातरी नदीवर आहे.

दोन हजार तीन साली ती निवृत्त झाली, आणि दोन हजार पाचला महापूर आला.

शिरोळकडं तिची एक मैत्रीण होती, चिमणाबाई. तिचं घर गावात नव्हतं, मळ्यात होतं. आपल्याकडं अशी कितीतरी घरं आहेत. उसाच्या मधोमध चार खोल्या, एक गोठा, शेजारी वैरणीची गंजी. बोटी घेऊन माणसं आली तेव्हा त्यांच्या हातात गावाचा नकाशा होता. त्यांनी गावठाण रिकामं केलं आणि परत गेली. मळ्यातल्या वस्त्या त्या नकाशात नव्हत्याच. कुणाची चूक म्हणायची? गावनकाशात शेतांच्या हद्दी दाखवतात, शेतातली घरं नाहीत, नियमच तसा. चिमणाबाई दोन दिवस कौलांवर बसून होती. वाचली. पुढं भेटली तेव्हा अत्तीला एका शब्दानं बोलली नाही, उलट काकवीची बरणी देऊन गेली. पण त्या नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात ट्रेसर म्हणून सही कुणाची होती, हे अत्तीला ठाऊक होतं.

"रेघ एक चुकली न्हाय बसव्या," ती मला म्हणाली, "आणि माणसंच न्हाईत त्यात."

त्यानंतर वर्षभरानं मी तिला कॉम्प्युटरवर उपग्रहाचे फोटो दाखवले. करमणूक म्हणून. फोटो यायला वेळ लागायचा. आधी राखाडी चौकोन, मग एकेक चौकोन हिरवा, तपकिरी होत जाणार. पंचगंगा उमटली तशी तिनं पर्समधून भिंग काढलं आणि थेट पडद्याला लावलं. मी हसलो. ती हसली नाही. तिनं नदीच्या कडेकडेनं भिंग सरकवत नेलं आणि संगमापाशी आल्यावर म्हणाली की हे वळण मी काढलंय. त्या दिवशी ती जेवायला घरी गेली नाही.

मग मला कुठंतरी वाचायला मिळालं, की जगभरची काही माणसं एक उद्योग करतात. कुठं भूकंप झाला, पूर आला, आणि त्या मुलुखाचा धड नकाशाच नसला, तर ही माणसं आपापल्या घरी बसून उपग्रहाचे फोटो बघतात आणि त्यावरून रस्ते, ओढे, घरं काढतात. प्रत्येकाला एकेक चौकोन वाटून दिलेला. सगळे चौकोन जोडून नकाशा होतो, तो तिकडं छापतात आणि मदतीला जाणारी माणसं तो घेऊन निघतात. पगार नाही, सही नाही. मी हे अत्तीला सांगितलं. तिनं एकच विचारलं, घरं काढतात का. मी म्हणालो, घरंच तर काढायची. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंगपूजा आटोपून ती उशी घेऊन कॅफेत हजर.

पुढची दोन वर्षं माझा तीन नंबरचा कॉम्प्युटर तिचाच. रिझल्ट बघायला आलेली पोरं, रेल्वेचं तिकीट काढायला आलेले पावणं, सगळे दोन आणि चार नंबरवर. मध्ये ही, नाकावर चष्मा, हातात भिंग, आणि लांबी मोजायला दोरा. हो, दोरा. पडद्यावर वाकड्या रस्त्यावर दोरा ठेवून मोजायची. कॉम्प्युटर आपोआप मोजतो असं मी तीनदा दाखवलं. तिनं तीनदा ऐकून घेतलं आणि दोराच वापरला.

संध्याकाळी मी शटर ओढायला लागलो की ती उठायची आणि आमच्याकडच्या बायकांच्या बोलण्यात सांगायची, "आज मी लई लांब गेलतो." कुठं, ते मग रस्त्यानं चालता चालता यायचं. एका डोंगरावर पायवाट आहे, ती अर्ध्यात संपते आणि पुन्हा पलीकडं सुरू होते. मध्ये पाणी असणार. एका गावाला नदीनं तिन्ही बाजूंनी कवेत घेतलंय. उसाच्या ट्रॉल्या अंगावरून जायच्या, धूळ उडायची, आणि अत्ती त्या नदीच्या कवेतून बाहेर यायला तयार नसायची. खरं सांगतो, मला कधी कधी तिचा हेवा वाटायचा. मी दिवसभर त्याच खोलीत बसून उचगावातच असायचो.

दोन हजार आठच्या जानेवारीत आफ्रिकेत मोझांबिक देशात झांबेझी नदीला पूर आला. अत्तीच्या गटाचं काम इनेस नावाची पोर्तुगालमधली एक बाई बघायची. तिनं अत्तीला नदीकाठचे नऊ चौकोन दिले. फोटो तीन वर्षांपूर्वीचे, पुराआधीचे, पण तेवढेच हाताशी होते. अत्तीचा हात चालू लागला. इकडं कृष्णेचा काठ नि तिकडं झांबेझीचा, तिला फार फरक वाटत नव्हता. माती तशीच काळी, ओढे तसेच. तिकडंही नदीकाठी ऊस दिसतोय, म्हणाली, आणि तिचा चेहरा माहेरी गेल्यासारखा झाला.

सहाव्या चौकोनात नदीपासून जरा आत एक उंचवटा होता. त्यावर एक पत्र्याचं लांबट छप्पर आणि भोवती सव्वीस गोल गोल ठिपके, वाळक्या गवताच्या रंगाचे. अत्तीनं पत्र्याचं छप्पर गोदाम म्हणून काढलं. ठिपके सोडून दिले. इनेस नकाशा तपासायची. तिनं विचारलं, ते गोल काय आहेत, घरं नसतील ना? अत्तीनं मला बोलावून दाखवलं. मीही बघितलं. कुणीही शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला माणूस सांगेल, मी म्हणालो, गंज्या आहेत. अत्तीला तर शंकाच नव्हती. तिनं आपल्या कचेरीच्या इंग्रजीत उत्तर पाठवलं, की ह्या वैरणीच्या गंज्या असून आमच्या जिल्ह्यात अशाच असतात. शहरात वाढलेली इनेस बिचारी काय बोलणार? तिनं आभार मानले. शुक्रवारी नकाशा तिकडं गेला.

सोमवारी दुपारी इनेसनं ताजे फोटो पाठवले, पूर आल्यानंतरचे. जुन्या चौकोनांशी ताडून, कुठला रस्ता बुडाला त्यावर खूण करायची होती. दीड वाजला होता. दोनला आमच्याकडं लोडशेडिंग, ते सहापर्यंत. अत्ती सहाव्या चौकोनाशी आली. सगळीकडं चहासारखं पाणी. मध्ये तो उंचवटा तेवढा कोरडा, आणि त्यावर ते सव्वीस ठिपके.

तिनं दोरा काढला. नव्या फोटोतल्या एका ठिपक्यावर धरला, चिमटीत माप पकडलं, मग जुना फोटो उघडून तोच ठिपका मोजला. मग दुसरा. मग तिसरा. मी गिऱ्हाइकाशी बोलत होतो, पण माझं लक्ष तिच्याकडं गेलं, कारण ती पुन्हा पहिल्याच ठिपक्यावर दोरा ठेवत होती.

"बसव्या," ती म्हणाली, "तीन वर्षं कुणाच्या जनावरानं वैरण खाल्ली न्हाय व्हय रे?"

मला कळायला क्षणभर लागलं. गंजी म्हणजे खायची वस्तू. सुगीनंतर उभी राहते, उन्हाळ्यात बारीक होते, पावसाळ्यापर्यंत तळाला जाते. पुढच्या साली नवी रचतात, ती थोडी इकडं, थोडी तिकडं, लहानमोठी. तीन वर्षं त्याच जागी, त्याच मापाच्या, सव्वीसच्या सव्वीस गंज्या कुठल्या गावात राहत नाहीत. त्या झोपड्या होत्या. तिकडची माणसं घरं गोल बांधतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं, आणि विचारावंसं वाटलंही नाही. आपल्या गावासारखं दिसलं म्हणून आपलंच समजून बसलो.

अत्ती लिहायला लागली, आणि लाईट गेली. दोनला दहा कमी होते. मी वीजवाल्यांचा उद्धार केला. इन्व्हर्टर महिनाभर बंद पडून होता, तो मी दुरुस्त केला नव्हता. त्या दिवशी माझा मलाच इतका राग आला की बोलायची सोय नाही. अत्ती उठून उभी होती. चप्पल घातली आणि स्कूटरपाशी जाऊन उभी राहिली.

शहरात शाहूपुरीला माझ्या मित्राचा कॅफे होता, तिथं लाईट असणार होती. अत्ती मागं एका अंगाला बसली, माझ्या खांद्यावर हात. पुलावरून जाताना ती काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं शिवनाम घेतेय. नीट ऐकलं, तर ती ठिपके मोजत होती. सव्वीसपर्यंत जायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची. भर दुपारच्या उन्हात दोन्हीकडची घरं, दुकानं, टपऱ्या मागं पळत होत्या, आणि मला ती सगळी वरून दिसायला लागली, नुसती छपरं. त्यांच्याखाली माणसं आहेत हे आतून ठाऊक असल्याशिवाय कळणारच नाही, अशी. भीती वाटली मला.

शाहूपुरीत तिनं सव्वीस घरं काढली. वीस मिनिटं लागली. मग इनेसला चार ओळी लिहिल्या: सहाव्या चौकोनात मी चूक केली. त्या गंज्या नाहीत, घरं आहेत. तिथं माणसं असतील. कृपा करून बोट पाठवा.

तीन दिवस उत्तर नाही. अत्ती रोज सकाळी यायची, ई-मेलची पत्रपेटी उघडायची, बंद करायची, आणि संध्याकाळपर्यंत खुर्चीत बसून राहायची. एकही रेघ काढली नाही. गुरुवारी इनेसचं पत्र आलं. मंगळवारी बोट तिथं पोचली होती. उंचवट्यावर एकशे अकरा माणसं सापडली, सगळ्यांना हलवलं. वस्तीचं नावही कळवलं होतं, नकाशात लिहिण्यासाठी. खाली आभार, आणि अत्तीची तीक्ष्ण नजर वगैरे.

मी टाळी वाजवली. अत्तीनं पत्र पुन्हा वाचलं आणि लिहून विचारलं, बोट पोचण्याआधी तिथं किती माणसं होती?

ह्याचं उत्तर यायला दुसरा दिवस उजाडला. इनेस बाई सरळ होती, तिनं लपवलं नाही. एकशे तेरा. एक म्हातारी आणि तिचा काही महिन्यांचा नातू रविवारी गेले, तापानं. शनिवारी एक बोट त्या उंचवट्यापासून लांबून गेली होती. नकाशात तिथं एक पत्र्याचं गोदाम तेवढं होतं, म्हणून वळली नाही. तपासणारी मी होते, इनेसनं लिहिलं होतं, ही चूक माझीही आहे.

अत्तीनं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ती मात्र कोरड्या डोळ्यांनी पडद्याकडं बघत होती, जणू भिंग लावलं तर आकडा बदलेल. मग उशी काखेत मारून घरी गेली.

महिनाभर आली नाही. घरी गेलो तर अंगणात बसलेली असायची. मी म्हणायचो, अत्ती, तुझ्यामुळं एकशे अकरा वाचले. ती मान हलवायची, ऐकल्यासारखं करायची. कुठंतरी लांब होती, पण आता तिथनं परत आल्यावर काही सांगत नव्हती. एकदाच बोलली.

"घर हाय का न्हाय हे ठाऊक नसंल, तर घर हाय असंच धरायचं. रिकामी बोट गेली तर जाऊ दे की."

मार्चच्या सुरुवातीला ती उशी घेऊन परत आली. इनेसनं दुसऱ्या मुलुखाचे चौकोन पाठवले होते, ते तिनं बाजूला ठेवले. आणि उघडलं काय, तर शिरोळ. कृष्णेचा काठ, उसाचे हिरवे पट्टे, आणि मळ्यातल्या वस्त्या, ज्या तिच्या सहीच्या नकाशात कधी आल्या नव्हत्या. एकेक घर काढत ती पुढं निघाली. चार दिवसांनी मी मागं उभा राहून बघतो, तर एका पाटाच्या कडेला, उसाच्या रानात, अठरा गोल ठिपके, आणि बाईनं अठराच्या अठरा घरं म्हणून काढलेले.

मी समजावलं. अत्ती, झांबेझीचं सोड, हा आपला तालुका आहे. इथं गोल घर बांधतो कोण? ह्या गंज्याच.

"तू बघून आलास?" तिनं विचारलं.

मला राग आला. इतकं डोक्यात घ्यायचं काही कारण होतं का? अठरा गंज्यांसाठी उद्या पुरात बोट पाठवायची आणि खरी घरं राहायची? मी त्या चौकोनाचा कागद छापून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढली. चाळीसेक किलोमीटर. त्या रस्त्यानं मी शंभरदा गेलो असेन. तिकडं आमचे पावणं आहेत. जाऊन बघायचं आणि येऊन सांगायचं, गंज्याच आहेत, एवढं ठरवून गेलो होतो.

पाटाच्या कडेला उतरलो आणि चालत आत गेलो. ऊसतोडीवाल्यांच्या कोपी होत्या. बांबू वाकवून, वर पाचट टाकून केलेल्या, माणूस वाकून आत जाईल एवढ्या, वरून बघितलं तर गोल. बाहेर चुली, दोरीवर लुगडी, एका बाजेवर निजलेलं बाळ. पुरुष फडात गेलेले. हंडा घेऊन येणाऱ्या एका बाईनं मला हटकलं, कुणाला शोधताय म्हणून. बायडाबाई नाव तिचं, बीडकडची. मी विचारलं, ह्याच साली इथं उतरलात का? ती म्हणाली की नाही, दर साली हीच जागा. कारखाना बंद झाला की जातो, दिवाळी झाली की येऊन पुन्हा बांधतो. तिची सासूही इथंच उतरायची. मी विचारलं, ह्या जागेला काय म्हणतात? तिला हसू आलं. ह्याला कोण नाव ठेवणार, म्हणाली.

मी कागद पुढं केला. तिनं हंडा खाली ठेवला, कागद आडवा-उभा धरून बघितला आणि एका ठिपक्यावर ओलं बोट टेकवलं.

"ही आमची का?"

मी हो म्हणालो.

परत येईपर्यंत दुपार झाली. अत्ती तीन नंबरवर होती. मी कागद तिच्यापुढं ठेवला. गंज्या निघाल्या की घरं, हे तिनं विचारलंच नाही. ओल्या बोटाचा डाग तेवढा बघितला आणि टाक धरायची तशी पेन्सिल धरून म्हणाली, "माणसं किती?"

मी मोजली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा स्कूटर काढली.